पाठ, डावी, पाठ

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दिवाळीला तोच वाद निघतो. आम्ही नऊ जण, चार भावांची मुलं, साताऱ्याच्या एकाच घरात वाढलेली. नऊच्या नऊ जणांचं म्हणणं एकच, की आजी अंथरुणावर होती तेव्हा तिची कूस मी बदलायचो. नाशिकचा म्हणतो, शाळेत जाण्याआधीची पाळी माझी. अमेरिकेतला म्हणतो, संध्याकाळची माझी, क्रिकेट टाकून यायचो. धाकटी तेव्हा सात वर्षांची होती, पण उशी आपणच सरकवायचो असं तीही लिहिते. मी तेरा वर्षांची. माझाही एक दावा आहे.

मागच्या दिवाळीला डोंबिवलीच्या ताईने हिशेबच मांडला. ती मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होती, आता निवृत्त झाली आहे, आणि तिला गोड बोलायची सवय नाही. तिने लिहिलं : नोव्हेंबर 1982 ते जानेवारी 1985, म्हणजे 800 दिवस धरा. दिवसाला 12 वेळा. झाले 9,600. त्यातल्या आपण नऊ जणांनी मिळून हजार तरी केल्या का? उरलेल्या कुणी केल्या?

त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग अमेरिकेतल्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. तो थोरल्या काकूचा सख्खा मुलगा.

आजी पडली ती 1982च्या भाऊबीजेनंतर चार दिवसांनी, न्हाणीघराच्या उंबऱ्यात. दिल्लीत एशियाड नुकतंच सुरू झालं होतं आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आम्ही ठिय्या मांडला होता, म्हणून दिवस लक्षात आहे. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शहात्तराव्या वर्षी, दमेकरी छातीला भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. पायाला चिकटपट्टी लावून लोखंडी खाटेच्या पायथ्याशी दोरी बांधली, दोरीला विटा टांगल्या. खाटेचं पायाकडचं टोक उंच करायलाही खाली विटाच. आम्हा पोरांना त्या टांगत्या विटांचं फार अप्रूप. येताजाता कुणीतरी झोका द्यायचं आणि आजी कळवळायची.

विटा दीड-दोन महिन्यांनी सुटल्या, आजी उठली नाही. पण पाठीचं दुखणं त्याआधीच, तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं होतं. माकडहाडावर आधी रुपयाएवढा लाल डाग, मग त्यावर फोड, मग साल निघालं. आल्यागेल्याला घरात सांगायचे, 'पाठ सोलली हो.' शय्याव्रण हा शब्द मी कित्येक वर्षांनी एका पुस्तकात वाचला, आणि तेव्हाही आधी डोळ्यांपुढे आली ती सोललेली पाठच.

डॉक्टरांनी सिस्टरबाईंना धाडलं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्या नर्सिंग शिकल्या होत्या. ते हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1890च्या दशकात उभं केलं आणि आमच्या बाजूला 'मिरजेच्या' एवढं म्हटलं तरी पुरायचं. त्या सायकलवरून यायच्या, पांढरी साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. पहिल्या दिवशी त्यांनी जखम पाहायच्या आधी अंथरूण पाहिलं. चादरीवरून हात फिरवला. पोळीचा वाळका कण निघाला, काकूच्या हातावर ठेवला. "हा खडा आहे, बाई. तुम्हाला कण, त्यांना खडा." मग चादरीची चुणी दाखवली. म्हणाल्या, चुणीवर माणूस आठ तास पडलं तर ती पाठीवर उमटते, आणि म्हाताऱ्या कातडीवर उमटली की पुसत नाही.

दुसरी शिकवण बोटाची. लाल डागावर बोट दाबून उचलायचं. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त अजून फिरतंय, कूस बदलली की निभेल. लाल तो लालच राहिला तर आत बिघडलं. आम्ही पोरं आठवडाभर एकमेकांचे गुडघे दाबून पाहत होतो.

तिसरी ओढण्याची. रुग्ण खाली घसरला की घरची माणसं काखेत हात घालून वर ओढतात. तसं ओढलं की कातडी गादीला धरून मागे राहते आणि हाड पुढे जातं. मधल्यामध्ये बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. म्हणून कमरेखाली एक आडवी चादर घालायची, दोघांनी दोन्हीकडून गुंडाळून धरायची आणि उचलायचं. दोघांनी, असं सिस्टरबाई म्हणाल्या होत्या. हे मला स्पष्ट आठवतं, कारण घरात दुसरं माणूस कोण, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

शेवटी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखून दिला. दर दोन तासांचा चौकोन आणि त्यात 'पा' किंवा 'डा'. पाठ, डावी, पाठ, डावी. 'उ' नव्हताच, कारण उजवा खुबा मोडका. इतर माणसांना तीन बाजू असतात, आजीला दोनच होत्या, आणि त्यातली एक आधीच सोललेली.

आता या आठवणीतली एक गोष्ट आमच्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. सिस्टरबाईंचा कप वेगळा होता. माजघराबाहेरच्या कोनाड्यात, पालथा. आजीच्या जखमेत ज्यांचं बोट जायचं त्यांचा कप आमच्या कपबशांत मिसळत नव्हता. त्या स्वतःच विसळून ठेवायच्या. दोन वर्षं.

घरातल्या दिवसाला चौकोनांची शिस्त रेडिओने लावली. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागल्या की काकू पोळपाट सोडून उठायची, आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू होईपर्यंत आजी डाव्या कुशीवर, पाठीमागे गुंडाळलेली गोधडी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. टाचांखाली काही लागू द्यायचं नाही म्हणून पोटरीखाली छोटी उशी, बाळाच्या डोक्याखाली मोहरीची देतात तशी. रात्री विविध भारतीवर 'बेला के फूल' लागलं की अकराची पाळी. ते झालं की रेडिओ बंद. पुढे एक, तीन आणि पाचला गजराचं घड्याळ. ते काकू लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या उशीखाली ठेवायची, म्हणजे घर जागं होऊ नये. घर जागं होतही नसे. माझ्या आठवणीत तो गजर नाहीच.

ऑक्टोबर 1984च्या शेवटी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि रेडिओवर दिवसचे दिवस नुसते शोकसूर. कार्यक्रम नाहीत तर वेळ कळेना. सगळा देश हळहळत होता, आणि काकू स्वयंपाकघरातून विचारत होती, "किती वाजले रे?"

काकू थोरली सून. माझी आई शाळेत शिकवायची, मधली काकू बाळंतपणातून उठलेली, धाकटी नवी. म्हणून थोरलीवर आलं, असं सगळे म्हणायचे. जणू ओळीने उभं केलं आणि पहिला नंबर तिचा लागला. काका मंडळी ऑफिसातून आली की माजघराच्या दारात उभी राहून विचारायची, "काय म्हणतेय पाठ?" औषधाचे पैसे त्यांनी कधी कमी पडू दिले नाहीत, हे खरं. बायकांच्या अंगाशी जायचं नाही असा त्या पिढीचा संकोच होता, हेही खरं. पण आईच्या अंगाला हात लावायचा संकोच आणि बायकोच्या कंबरेचा विचार न येणं, या दोन गोष्टी एकच नव्हेत.

आणि सासू-सुनेचं प्रेम होतं म्हणावं, तर तसंही नाही. आजीने उमेदीच्या काळात काकूला फार बोलून घेतलं होतं. अंथरुणावर पडल्यावरही दोघी बोलायच्या त्या एवढंच : "वळू?" "वळ." "टाच लागतेय का?" "नाही." भांडं द्यायचं, काढायचं, पुसायचं, मेणकापड धुवायचं, जुन्या लुगड्यांच्या घड्या उकळून वाळत घालायच्या. पुढे मायेच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या, त्यांत हे कुठे बसतं ते मला ठरवता आलेलं नाही.

आम्ही काय काय चुकलो, ते ताई आता सांगते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. लाल डागावर खोबरेल तेल चोळायचो. आत मेलेल्या मांसावर वरून रगडणं म्हणजे अजून मारणं. स्पिरिट लावायचो, त्याने कातडी कोरडी पडून तडकते. मग पावडर, ती घामाने गोळे होऊन पुन्हा खड्यासारखी. स्कूटरची ट्यूब फुगवून माकडहाडाखाली दिली, सगळं गाव तेच सांगायचं. मध्ये पोकळी म्हणून बरं वाटतं, पण ट्यूबच्या कडेने कातडी दाबली जाऊन मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की जखमेतून पांढरा फेस यायचा आणि आम्ही पोरं तो पाहायला गर्दी करायचो. जणू रोगच फसफसून बाहेर येतोय. आणि जखम सुकावी म्हणून टेबललॅम्पचा दिवा पाठीवर धरायचा, अर्धा तास. जखम ओलसर झाकून ठेवली तर लवकर भरते, हे जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने 1962मध्येच दाखवलं होतं. वीस वर्षांनी साताऱ्यात आम्ही दिवा धरून बसलो होतो.

एक गोष्ट मात्र आजीने स्वतः मागून घेतली. परसातलं केळीचं पान. तिच्या लहानपणी भाजलेल्या माणसाला केळीच्या पानावर निजवत, म्हणून. काकू पान धुऊन, पुसून, शिरेचा दांडा काढून पाठीखाली घालायची. चादर जखमेला चिकटते आणि सोडवताना जीव जातो, पान चिकटत नाही. ताईने पुढे सांगितलं, मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांसाठी केळीच्या पानाचं ड्रेसिंग डॉ. माधुरी गोरे यांनी रीतसर अभ्यासून वापरात आणलं. निर्जंतुक केलेलं, अर्थात. आमचं पान नुसतं विहिरीच्या पाण्याने धुतलेलं.

अंड्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. सिस्टरबाई एकदा ड्रेसिंग करताना म्हणाल्या, जखम बाहेरून भरत नाही, आतून भरते, आणि त्याला प्रथिनं लागतात. मुगाचं कढण ठीक आहे, पण रोज एक अंडं द्या. घरात अंडं म्हणजे प्रलय. दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून दोन अंडी आणली आणि ती औषधाच्या फळीवर ठेवली गेली, स्वयंपाकघरात नाही. काकू मागच्या अंगणात स्टोव्हवर वेगळ्या पातेलीत दुधात फेटून, वेलदोडा घालून द्यायची. आजीला सांगायचं, टॉनिक. आजी डोळे मिटून प्यायची. महिनाभराने एकदा म्हणाली, "आज टॉनिक जरा जास्त शिजलंय."

माकडहाडाची जखम त्या मार्चपर्यंत भरली. तिथे पातळ, चकचकीत गुलाबी कातडी आली. सिस्टरबाईंनी काकूच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी काकूला शाबासकी दिल्याचं मला आठवतं ते एवढंच.

आता 25 जून 1983.

काकूचे वडील वारले होते. दोन वर्षांत ती घराबाहेर राहिली ती फक्त तेव्हा, तीन रात्री, कऱ्हाडला. जाताना तिने आम्हा मोठ्या पोरांना तक्त्यासमोर उभं केलं. चौकोनात काय लिहिलंय, उशी कुठे, आडवी चादर कशी, सगळं दोनदा करून घेतलं. कूस बदलली की चौकोनात बरोबरची खूण करायची. ती पेन्सिलने करायची. आमच्याकडे शाळेची शाईपेनं.

शनिवार होता. लॉर्ड्सवर अंतिम सामना. भारताचा डाव 183वर संपला आणि घरातल्या सगळ्यांनी हाय खाल्ली. मग वेस्ट इंडीजच्या विकेटी पडायला लागल्या. रेडिओ ओटीवर, आम्ही त्याच्या भोवती, काका, वडील, शेजारपाजारचे, सगळे. आजी माजघरात डाव्या कुशीवर. पाचला वळवलं ते वळवलं. सात गेले, नऊ गेले, अकरा गेले. बारा वाजायच्या सुमाराला सामना जिंकल्यावर पोरांनी ताटं बडवली, मग कुणाला तरी आठवलं.

सात तास. गुंडाळलेली गोधडी, मांडीला ओला झालेला कपडा, आणि सगळं वजन एका हाडाच्या टोकावर. सकाळी ताईने बोट दाबलं. डाग लालच राहिला.

आजीने हाक मारली नाही, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं म्हणत आलो. तिला आमचा आनंद मोडायचा नव्हता, अशी त्याला जोडही दिली. धाकटी म्हणते, मारली होती. दोनदा. ती सात वर्षांची होती, तिला ओटीवर जागा मिळाली नव्हती, ती दाराजवळ होती.

त्या डाव्या खुब्याची जखम वरून हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि आत आवळा मावेल अशी. बेडसोअर फसवतो तो असा. दाब हाडाशी सगळ्यात जास्त असतो, म्हणून मांस आतून आधी मरतं आणि कातडी शेवटी फाटते. केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या तीसेक मिलिमीटरच्या आसपास, त्यापेक्षा जास्त वजन तासन्‌तास पडलं की रक्त थांबतं. आजी जेमतेम पस्तीस किलो होती. हाडावर मांस नसलेल्या माणसाला स्वतःचंच वजन पुरतं. ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. आणि आता दोनपैकी एक बाजू गेली. तक्त्यात 'डा'च्या जागी 'अ' आला : अर्धवट, म्हणजे पाठीकडून किंचित तिरकं, उशीचा टेकू देऊन. आजकाल तीस अंशांचा कल म्हणतात तोच प्रकार, ताई सांगते. सिस्टरबाईंनी तो आम्हाला न रागावता शिकवला. काय झालं, कसं झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. काकूनेही नाही.

फ्लोरेन्स नाइटिंगेलने 1859मध्येच लिहून ठेवलंय, की रुग्णाला बेडसोअर झाला तर तो बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष. ताईला प्रशिक्षणात हे पाठ करायला लावलं होतं. तिला ते निम्मंच पटतं. शेवटच्या दिवसांत शरीर कातडीचं रक्त काढून घेतं आणि कितीही केलं तरी काही जखमा होतातच, हे तिने वॉर्डात पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात, 1944मध्ये, इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन या डॉक्टरने पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांना दर दोन तासांनी वळवायची सक्ती केली आणि मरणारी माणसं जगायला लागली. "पण तिथे वळवायला माणसांची टोळी होती," ताई म्हणते. "आपल्याकडे एक काकू."

आजी गेली ती 1985च्या संक्रांतीनंतर. त्यानंतर अकरा वर्षांनी काकूला पुण्यात दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, की तिचं अंग बाहेर येत होतं. कधीपासून, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सासूबाई होत्या तेव्हापासून," काकू म्हणाली, जसं एखादी म्हणेल की हे भांडं तेव्हापासूनचं आहे. तिघांची बाळंतपणं, त्यावर रोज बारा वेळा एकटीने उचलणं. त्या अकरा वर्षांत तिने घरातल्या सगळ्या मुंजी-लग्नांचा स्वयंपाक केला होता.

आता काकू शहाऐंशीची आहे. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. कोथरूडला थोरल्या दादाच्या फ्लॅटवर असते, आणि शनिवारची रात्र माझी. हवेची गादी आहे. तिची मोटर गुरगुरते आणि कप्पे आळीपाळीने फुगतात. डायपर आहे, फोमच्या पट्ट्या आहेत, टाचांना मऊ बूट. ब्यूरोतून दोन मावशी येतात, बारा-बारा तासांच्या. त्यांचे कप आमच्याच कपांत असतात, निदान एवढं झालं. हवेची गादी असली की वळवायला लागत नाही, असा दादाचा समज होता. ताईने डोंबिवलीहून फोनवर त्याला झाडला, म्हणून भिंतीवर पुन्हा तक्ता लागला आहे, संगणकावर छापलेला, पा, डा, उ.

मागच्या महिन्यात काकूची जुनी ट्रंक आवरताना, पोथीच्या खाली, सिस्टरबाईंचे पाठकोरे तक्ते सापडले. सगळे नाहीत, तीसेक असतील. पेन्सिलीच्या खुणा, एकसारख्या, रात्रीच्या चौकोनांतसुद्धा. जून 1983चा कागद त्यात होता. त्या शनिवारच्या सात, नऊ आणि अकराच्या चौकोनांत निळ्या शाईच्या बरोबरच्या खुणा आहेत.

मी फोटो काढला, पण ग्रुपवर टाकलेला नाही. शाई कुणाची ते मला माहीत आहे. शाळेत आम्हा दोघींचीच पेनं निळी होती, आणि ताई खूण अशी करत नाही.

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला तक्त्याकडे लक्ष गेलं. रात्रपाळीच्या मावशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या होत्या. दिवसा त्या दुसऱ्या घरी म्हाताऱ्या जोडप्याचं करतात, तिथून थेट इथे येतात. एक, तीन आणि पाचच्या चौकोनांत खुणा आधीच होऊन गेल्या होत्या.

मी त्यांना उठवलं नाही. फोनवर गजर लावला, रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवला. एकला उठून आडवी चादर हातात घेतली, तेवढ्या आवाजाने मावशी दचकून उभ्या राहिल्या, तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता पलीकडच्या बाजूने चादर गुंडाळायला लागल्या. दोघींनी काकूला डावीकडे घेतलं. गुडघ्यांत उशी, पाठीला टेकू.

"काकू, बरं वाटतंय?"

तिने डावा हात खाली नेला, कंबरेपाशी चाचपलं.

"चुणी," ती म्हणाली.